देवाचा बोकड आन मधला गडगा

भोर आन वेल्हं या दोन तालुक्यांत शांतता आली ती माज्यामुळं. भांडान बी माज्यामुळंच लागलं व्हतं, पर तेवढं लोक इसरत चालल्यात. बायकू तेवढी इसरंना.

मला लिवता येत न्हाई. मी बोलतोय आन शाळंतलं गुर्जी लिवून घेत्यात. गुर्जी म्हनलं, "मामा, देवाचा काय अनुभव आला तो सांगा." म्हनलं, "कुठल्या देवाचा?" तर त्यांनी पेनच खाली ठिवला. पर मी चेष्टा करत न्हवतो. नवस बोललो बिरोबाला, तेल फादरचं, हात मौलानाचा, आन काम केलं बोकडानं. आता नारळ फोडायचा तर कुनाफुडं? मला अजून उमगलं न्हाई. ऐकनाऱ्याला उमगलं तर त्यानं मलाबी येऊन सांगावं.

आमी धनगर. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या वरच्या अंगाला आमची चार घरं. भातं निघाली की मी शेरडं-मेंढरं घिऊन खाली उतरतो, वरव्याकडं, किकवीकडं. तिकडचं शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत्यात. जनावर रानात चरतं, तितंच बसतं, रानाला खत व्हतं आन आमाला दानं मिळत्यात. या कळपात एक बोकड हाय, त्याचं नाव फौजदार. दाढी तशी, चाल तशी, म्हनून. तीन वर्सांमागं बायकू लई आजारी पडली तवा म्या त्याला बिरोबाच्या नावानं सोडला. म्हंजी तो इकायचा न्हाई, कापायचा न्हाई, देवाचा झाला. बायकू वाचली. तवापास्नं घरात आधी फौजदाराला खायाला पडतं, मंग मला.

त्या वर्सी एका टेकडीखालच्या रानात मेंढरं बसवली व्हती. टेकडीवं एका अंगाला किरिस्ती लोकांच्या कबरी, दुसऱ्या अंगाला पिराचं ठानं, भवतीनं बुटका गडगा, आन दोन्हीच्या मधी एक कंबरंएवढा गडगा, नुसती दगडावं दगड रचलेली भिंत. नाताळ जवळ आला म्हनून किरिस्ती लोकांनी कबरींपाशी जो लाकडी क्रूस हाय त्याला नवा निळा रंग दिलेला. पिरावं कुनीतरी नवी हिरवी चादर घातलेली, जरीच्या काठाची, वर गुलाबाची फुलं. शेतकऱ्यानं मला सांगून ठिवलं व्हतं, "मामा, टेकडीकडं ध्यान ठिवा." म्या ध्यान ठिवलं. दुपारी भाकर खाल्ली, आन ध्यान ठिवता ठिवता घोरायला लागलो.

जागा झालो तर मधला गडगा दोन हात ढासळलेला, क्रूस एका अंगाला कललेला, पिरावं ना फूल ना चादर, आन फौजदार कबरीवं उभा ऱ्हाऊन रवंथ करतोय. त्याची शिंगं निळी. अंग खाजलं की तो कुठंबी शिंगं घासतो, त्यात वल्ला रंग. आवती-भवती कुनी न्हवतं. खरं तर तसंच जाऊन सांगायचं व्हतं. पर मला वाटलं, लोक बोकडाला तर मारतीलच, वर मला. मंग म्या काय करावं? कंबरंची पिशवी सोडली, त्यात बिरोबाचा भंडारा असतो, देवाची हळद. ती फौजदाराच्या शिंगांना फासली आन निळ्याचं पिवळं केलं. देवाच्या हळदीनं पाप झाकलं, गुर्जी. आन वरनं देवालाच नवस बोललो, "बिरोबा, एवढं झाक. कुनाला कळू दिऊ नगं. अनवानी तुज्या दारात येतो." तसा मी अनवानीच असतो म्हना. मंग मेंढरं हाकली आन जो सुटलो तो थेट घरी.

दोन दिसांनी कानोसा घ्यायला किकवीला उतरलो. चहाच्या टपरीवं ह्योच इषय. फौजदारानं खाल्लेल्या एका चादरीची गोष्ट तवर कुठल्या कुठं गेली व्हती. कोन म्हनं किरिस्ती पोरांनी पिराचं ठानं फोडलं, कोन म्हनं मुसलमान पोरांनी क्रूस उपटला. मोबाईलवं फोटू फिरत व्हतं. भोरात कुनाचं दुकान बंद, वेल्ह्यात कोन कुनाशी बोलंना. आन ज्यांचा ना क्रूस ना पीर, ती मानसं जास्त जोरात बोलत व्हती. एकजन म्हनला, "रातीत गाडी भरून मानसं आलती म्हनं." आता मी गप बसावं का न्हाई? पर मला चार मानसं बगितली की राहवत न्हाई, काहीतरी बोलावंच लागतं. म्या बशीतला चहा फुंकत म्हनलं, "व्हय, मी बगितली की जीप." सगळी टपरी माज्याकडं वळली. एवढी मानसं माज्याकडं उभ्या जन्मात बगितली न्हवती. "कसली जीप, मामा?" म्हनलं, "पांढरी. मागचा डावा दिवा फुटल्याला."

आता ते तोंडात का आलं ते सांगतो. उभ्या जन्मात मी एकाच जीपमधी बसलोय. दूध गोळा करनाऱ्या आमच्या खालच्या गावातल्या गड्याची. बायकू आजारी पडली तवा त्यानंच दुधाचे क्यान रस्त्यावं उतरवून ठिवले आन तिला दवाखान्यात न्हेली. आत तिचा जीव घाबरा, आन मी बाहेर त्या जीपच्या फुटक्या दिव्याकडं बगत तासभर उभा व्हतो. तवा जीप म्हनलं की मला तीच दिसती. पर लोकांना काय ठावं? सांजच्याला त्या गड्याच्या जीपची फुडची काच फुटली. दुसऱ्या दिसापास्नं त्याचं दूध कोन घेईना. आन असं ठरलं की सुक्करवारी दुपारच्या नमाजानंतर मुसलमान मानसं टेकडीवं जमनार, किरिस्ती मानसं बी तितंच येनार, आन जीपवाल्याला मधी उभा करून इचारनार, कुनाची मानसं आनली व्हती बोल. त्याच्या अंगावं कोन पयला धावंल, एवढंच ठरायचं बाकी व्हतं.

ह्या सगळ्यात दोनच मानसं येगळी. चर्चमधलं फादर आन मशिदीतलं मौलाना. फादर वाळकं, वय झालेलं. मौलाना अंगानं भरलेलं. फादरची जुनी स्कूटर, तिच्यावं दोघं गावोगाव फिरत व्हतं. आधी मशिदीत दोघं जायाची, मंग चर्चमधी दोघं, मंग वाड्यावस्त्यांवं. सांगनं एकच, कुनी केलं ते कळत न्हाई तवर हात उचलायचा न्हाई. लोकांनी दोघांना बी धुतलं. फादरची मानसं म्हनली, तुमी त्यांचं झाला. मौलानाची मानसं म्हनली, तुमी यांचं झाला. तरी स्कूटर फिरतीच. मला त्या स्कूटरचा आवाज सपनात बी यायला लागला.

बिस्तरवारी सकाळी बायकू बोंबलत आली, "अवो, फौजदार बगा!" बगतो तर पोट नगाऱ्यावानी फुगलेलं, जीभ बाहेर, डोळं पांढरं. बायकू तर भिताडाला टेकून खालीच बसली. तिच्या मनात एकच, हा गेला की आपुन बी जानार. म्या त्याला खांद्यावं टाकला आन वेल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्याची वाट धरली. यष्टी निघून गेल्याली. निम्म्या वाटंवं माजा दम संपला. बोकड उतरवला आन आभाळाकडं बगून म्हनलं, "बिरोबा, आता कुनाला तरी धाड रं." म्हनायला आन वळनावं स्कूटर दिसायला एकच गाठ पडली.

देवा, आख्ख्या तालुक्यात तुला हीच दोन मानसं गावली?

स्कूटर थांबली. मौलाना मागनं उतरत म्हनलं, "मामा, एक धनगर हाय म्हनं हिकडं, त्यानं जीप बगितली. आमाला त्याला भेटायचंय. कुठं ऱ्हातो?"

म्हनलं, "तो व्हय? तो गेला नीरंकडं. मेंढरं घिऊन."

"कवा?"

"कालच. आता पावसाळ्यापतूर येत न्हाई."

फादरनी कपाळाला हात लावला. दोघांची तोंडं अशी उतरली की मलाच त्या पळून गेलेल्या धनगराचा राग आला. मंग फादरची नजर बोकडावं गेली. मौलाना खाली बसून पोटावं टिचकी मारत म्हनलं, "फादर, गॅस अडकलाय. माज्या वडलांच्या बकऱ्या व्हत्या, मला ठावं हाय. तेल पायजे." फादरनी पिशवीतनं बाटली काढली. घरोघर आजारी मानसं बगायला जात्यात, तवा त्यांच्या कपाळाला लावायचं प्रार्थनेचं तेल. मौलाना म्हनलं, "अवो, हे तुमचं..." फादर म्हनलं, "आजाऱ्यासाठीच आहे. हा आजारीच आहे ना? धरा." मी बोकडाचं तोंड वर धरलं, फादरनी बाटली रिकामी केली. थोडं आत, थोडं बाहेर, बरंचसं शिंगांवं. मंग मौलानांनी बाही वर सारली, बोकडाच्या जबड्यात हात घातला आन म्हनलं, "बिस्मिल्ला!"

म्या बोंब मारली, "अवो कापू नगा! देवाचा हाय!"

"कोन कापतंय मामा? मी जेवताना बी बिस्मिल्ला म्हनतो, ह्यांच्या स्कूटरवं बसताना तर दोनदा म्हनतो. तोंड धरा नीट!"

म्या तोंड धरलं आन "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हनलं. एका बोकडावं तीन देवांची नावं पडली. मौलानांनी नरड्यातनं कायतरी चिमटीत धरलं आन हळूहळू वडायला लागलं. रवंथ करताना खाल्लेलं वर आलं व्हतं आन तितंच अडकलं व्हतं. हातभर हिरव्या कापडाची पट्टी, तिला जरीचा काठ. फौजदारानं मोठा ढेकर दिला आन उभा ऱ्हायला.

मौलाना त्या जरीकडं बगत ऱ्हायले. फादर शिंगांकडं बगत ऱ्हायले, कारन तेलानं भंडारा व्हघळला व्हता आन खालचा निळा रंग चमकत व्हता. मंग दोघांनी एकामेकाकडं बगितलं. मला वाटलं आता दोघं मिळून मला हानतील. तर मौलाना मटकन रस्त्यावं बसले आन हसायला लागले, आन हसता हसता त्यांच्या डोळ्यांतनं पानी आलं. फादर मात्र हसले न्हाईत. त्यांनी हळूच इचारलं, "मामा, तो नीरेकडे गेलेला धनगर किती उंच आहे?"

म्हनलं, "माज्याएवढाच."

मंग सगळं सांगितलं. झोपलो ते, हळद फासली ते, जीप बी. म्हनलं, "फादर, तुमी दोघंच सांगा लोकांना. तुमचं ऐकतील." मौलाना म्हनलं, "आमी सांगितलं तर लोक म्हनतील दोघांनी संगनमत करून बोकड हुभा केला. ज्यानं जीप दाखवली त्यानंच बोकड दाखवायचा. आमी तुमचं नाव घेनार न्हाई. उद्या याल का न्हाई ते तुमी बगा." एवढं बोलून दोघं स्कूटरवं बसून गेली. मला वाटत व्हतं निदान दरडावतील तरी. दरडावलं असतं तर राग धरून पळून जाता आलं असतं.

तरीबी मी पळालोच. सुक्करवारी सकाळी फौजदाराला दोरी लावली आन मेव्हन्याकडं नीरंला निघालो. काल लबाडीनं बोललो ते आज खरं करायला. फाट्यावं पोचता पोचता दुपार झाली आन तितं फौजदार खाली बसला. वडला, ढकलला, शिव्या घातल्या, उठंना. तेवढ्यात पाठीमागं गाडी थांबली. पांढरी जीप, फुडं काच न्हाई.

दूधवाला म्हनला, "मामा, बोकड आजारी दिसतोय. कुठं जायचं? बसा, सोडतो."

म्हनलं, "तू कुठं निघालास?"

"मला टेकडीवं बोलावलंय. कुनीतरी माजी जीप बगितली म्हनं." तो रस्त्याकडंच बगत व्हता. "मी त्या दिवशी घरीच व्हतो, मामा. पोरीला ताप व्हता. पर ऐकतंय कोन? काकी बरी हाय ना?"

काकी म्हंजी माजी बायकू. तिची खुशाली इचारतोय! मी बसलो. फौजदार जो एवढा वेळ उठंना तो माज्या आधी जीपमधी चढला. काच नसल्यानं गार वारं तोंडावं बसत व्हतं. तो म्हनला, "वाऱ्यानं डोळ्यांतनं पानी येतंय का? ह्यो रुमाल घ्या." घेतला. वाऱ्याचंच हाय म्हनून सांगितलं. ही आनखी एक लबाडी.

टेकडीवं दोन्हीकडं मानसंच मानसं. मधी पडलेला गडगा. म्या एक बगितलं, फादर मुसलमानांच्या घोळक्याफुडं हुभं व्हतं आन मौलाना किरिस्ती लोकांफुडं. कुनी दगूड मारायचा म्हनला तर आपल्याच मानसाला लागावा, म्हनून दोघांनी जागा बदलून घेतल्या व्हत्या. दूधवाला जीपमधनं उतरला तसा गलका झाला. दोघं-तिघं पुढं सरकली. त्याचं तोंड पांढरं पडलं. तवा माजं पाय कसं हाललं मला ठावं न्हाई. मी आन बोकड मधी जाऊन हुभं ऱ्हायलो.

म्हनलं, "जीप न्हवती. कुनीच आलं न्हवतं. माज्या बोकडानं केलं. मी झोपलो व्हतो."

आन मानसं हसली. एकजन वरडला, "ए, त्या बडबड्याला बाजूला घ्या रं! त्या दिशी जीप म्हनला, आज बोकड म्हनतोय!" खोटं बोललो तवा आख्ख्या तालुक्याला पटलं, खरं बोललो तर एका मानसाला पटंना. जरीची पट्टी दाखवली, शिंगं दाखवली. म्हनली, रंग कुनी बी लावंल. मला रडूच आलं. हातातली दोरी सुटली. म्हनलं, बिरोबा, मला काय कळत न्हाई. तुला काय करायचं ते कर.

फौजदार मोकळा झाला. दोन्हीकडच्या मानसांच्या मधनं सावकाश चालत गेला, फौजदारावानीच. ढासळलेल्या गडग्यावं चढला, दोन दगडं आनखी पाडली, क्रुसापाशी गेला आन डोळं मिटून शिंगं घासायला लागला. कर्र, कर्र. क्रूस हालतोय. मंग तितनं उडी मारून पिराकडं. कालच कुनीतरी नवी चादर घालून वर फुलं वाहिली व्हती, ती फुलं खायला लागला. ती संपवून चादरीचा काठ तोंडात धरला. मौलाना धावत गेले आन वरडले, "अरे बास! कालच एक काढलीय!" पयलं कोन हसलं ठावं न्हाई. पर हसायला लागली तशी दोन्हीकडची हसली, आन जी मानसं काठ्या घिऊन आली व्हती ती काठ्यांना टेकून हसत व्हती.

दूधवाला हसला न्हाई. तो माज्याजवळ आला. म्हनला, "मामा, बोकड समजलं. पर माजीच जीप का सांगितली?"

म्हनलं, "मला दुसरी जीप ठावं न्हाई रं."

त्यानं मंग रुमाल मागून घेतला, तोंड पुसलं आन म्हनला, "चला, काकी वाट बगत आसंल." माफ केलं का न्हाई ते त्यानं सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई. अजून तो वरच्या वस्तीला आला की काकीची खुशाली इचारतो, माजी न्हाई.

गडगा रचायला आठ दिस लागलं. दगडं वाह्यला मीच, दुसरं कोन? पर किरिस्ती आलं, मुसलमान आलं, टपरीवं जोरात बोलनारं बी दोघं-तिघं मान खाली घालून आलं. फादर बारकी दगडं निवडून देत व्हते, मौलाना क्रूस सरळ धरून हुभं व्हते. सगळ्यांनी मिळून असं ठरवलं की मधला पडलेला भाग बांधायचाच न्हाई, दोन्हीकडच्यांना जायला-यायला वाट ऱ्हावी. सगळी दगडं बाहेरच्या गडग्याला लावली, जिकडनं मी मेंढरं आनतो तिकडच्या. छातीएवढा केलाय. वर बाभळीचे काटे.

आता मेंढरांमागं बसलो की ध्यानात येतं आन मी पार गोंधळतो. म्या देवाला म्हनलं व्हतं, झाक. त्यानं सगळं उघडं केलं. म्हनलं कुनालातरी धाड, तर ज्यांना लपत व्हतो त्यांनाच धाडलं. पळायला निघालो, तर ज्याचं वाईट केलं त्याच्याच गाडीत बसवून आनलं. माजं एक ऐकलं न्हाई, आन सगळं बरं झालं. त्या दिसापास्नं मी देवाला सांगायचं सोडलंय. नुस्तं भंडारा लावतो आन म्हनतो, तुला कळंल तसं कर, मला कळत न्हाई. मंग वेल्ह्याला गेलो की फादरला हात जोडतो, भोरात गेलो की मौलानाला. नारळ दोघांच्या नावानं बिरोबाफुडंच फोडतो. चुकत आसंल तर बिरोबा बगून घिल.

परवा जेवताना बायकूला म्हनलं, "काय बी म्हन, एवढ्या मोठ्या कामाला देवानं मलाच निवडला."

ती फौजदाराफुडं भाकर टाकत व्हती. मागं न बगताच म्हनली, "निवडला तो फौजदाराला. तुमी झोपला व्हता."